उत्तर ध्रुवाचा रेखांश

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री दीडला फोन वाजला. जहाजांचा माग ठेवणारं एक सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळते. एका क्लायंटची दोन जहाजं फिजी बेटांजवळ होती आणि आमच्या स्क्रीनवर त्या दोघांचा ‘मध्य’ दिसत होता आफ्रिकेच्या पश्चिमेला, दक्षिण अटलांटिक महासागरात. अर्धी पृथ्वी ओलांडून. पलीकडच्या माणसाला एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्याची जहाजं नक्की आहेत कुठे.

चूक माझीच होती. एक जहाज १७९ अंश पूर्वेला, दुसरं १७९ अंश पश्चिमेला. म्हणजे दोघांत फक्त दोन अंशांचं अंतर. पण कोडमध्ये पश्चिम रेखांश उणे लिहितात. मी दोघांची सरासरी काढली होती. १७९ अधिक उणे १७९, भागिले दोन. उत्तर शून्य. आणि शून्य रेखांश ग्रिनिचमधून जातो.

समुद्रात काहीही बिघडलेलं नव्हतं. १८० अंशांची रेषा ओलांडताना खलाशाला धक्का बसत नाही, पाण्याचा रंग बदलत नाही. रेषा आमच्या वहीत होती आणि आम्ही ती समुद्रात शोधत होतो.

मी जो उपाय केला तो सगळेच करतात. पृथ्वीच्या केंद्रातून प्रत्येक जहाजाकडे एक बाण काढायचा, दोन्ही बाणांची बेरीज करायची आणि ती बेरीज ज्या दिशेला जाईल तिथे मध्य. बाणाला ग्रिनिच माहीत नसतं. पहाटे चारला कोड चढवला आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. सकाळी चहा घेताना लक्षात आलं, की तो बाण मी कॉम्प्युटरला सांगितला कसा? एक्स, वाय, झेड असे तीन आकडे लिहूनच. निर्देशकांपासून सुटका वगैरे काही झाली नव्हती. मी फक्त निर्देशक बदलले होते.

दहावीत ‘निर्देशक भूमिती’ नावाचा धडा होता, आठवत असेल. दोन अक्ष, मध्ये आरंभबिंदू, आणि कागदावरच्या प्रत्येक ठिपक्याला दोन आकड्यांचं नाव. भूमितीच्या आकृत्यांचा हिशेब करता यायला लागला म्हणून मला तो धडा फार आवडायचा. आरंभबिंदू तिथेच का, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही. फळ्याच्या मध्यावर असतो, एवढं पुरे होतं.

मग इंजिनिअरिंगला टेन्सर आले. त्यांची व्याख्या अशी शिकवली गेली: निर्देशक बदलले की ज्याचे घटक अमुक नियमाने बदलतात तो टेन्सर. म्हणजे ही वस्तू काय आहे हे सांगायचंच नाही, तिच्याकडे बघायची जागा बदलली की तिचे आकडे कसे बदलतात एवढंच सांगायचं. एखाद्या माणसाची ओळख ‘त्याच्या आधार कार्डाचं भाषांतर या नियमाने होतं’ अशी करून द्यावी तसं काहीतरी. परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले, कळलं काहीच नाही.

नोकरी लागल्यावर रविवारी रविवारी पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हा समजलं की या विषयात दोन घराणी आहेत. विषय म्हणजे विकलन भूमिती. वाकलेल्या पृष्ठांवर आणि अवकाशांत कॅल्क्युलस कसं करायचं त्याचं शास्त्र. एक घराणं आधी निर्देशक घेतं, मग प्रत्येक राशी आकड्यांच्या तक्त्यात मांडतं, आणि वर-खाली इवलाले इंडेक्स लावून हिशेब करतं. दुसरं घराणं म्हणतं, सदिश हा सदिश आहे, आकड्यांचा रकाना नव्हे. वस्तू जशी आहे तशी बोला, जागेचं नाव न घेता. पहिल्याची वही मुंग्यांची रांग चालल्यासारखी दिसते. दुसऱ्याची वही स्वच्छ असते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अजिबात उपयोगी पडत नाही.

वाद जुना आहे, आणि त्याची सुरुवात एका सर्वेअरपाशी होते. कार्ल फ्रीडरिश गाउसला हॅनोवर राज्याची मोजणी करायचं काम मिळालं. १८२०च्या दशकात जगातला बहुधा सगळ्यात मोठा गणिती उन्हाळ्याचे महिने टेकड्या चढत, दूरच्या शिखरांवरचे कोन मोजत फिरत होता. सूर्यप्रकाश आरशाने दूरवर फेकता यावा म्हणून त्याने हेलिओट्रोप नावाचं उपकरणही बनवलं. जर्मनीच्या जुन्या दहा मार्कच्या नोटेवर एका बाजूला गाउस आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या मोजणीतल्या त्रिकोणांचं जाळं होतं. या माणसाने १८२७मध्ये वक्र पृष्ठांवर एक निबंध सादर केला. त्यातल्या एका निष्कर्षाला त्याने स्वतःच लॅटिनमध्ये ‘विलक्षण प्रमेय’ असं नाव दिलं.

प्रमेय सोपं करून सांगतो. खारे दाणे देतात ती कागदाची सुरळी घ्या. दिसायला ती वाकलेली आहे, पण उलगडली की सपाट कागद परत मिळतो, न फाटता, न ताणता. तिच्यावर चालणाऱ्या मुंगीने अंतरं मोजली तर (टोक सोडून) तिला सगळी सपाट भूमितीच सापडेल. आता नारळाची करवंटी घ्या. ती सपाट करायला गेलात तर तडकतेच. तिच्यावरच्या मुंगीने त्रिकोण आखून कोन मोजले तर बेरीज १८० अंशांपेक्षा जास्त येईल. तिला करवंटीबाहेर यावं लागत नाही, वरून बघावं लागत नाही. पृष्ठावर राहून, फक्त पृष्ठावरची अंतरं मोजून वक्रता कळते, आणि पृष्ठ कसंही वाकवा, ताणलं नाही तर ती वक्रता बदलत नाही. म्हणूनच पृथ्वीचा एकही सपाट नकाशा सगळी अंतरं एका प्रमाणात बरोबर दाखवू शकत नाही. नकाशा काढणारा हुशार नाही म्हणून नव्हे. ते शक्यच नाही म्हणून.

मला थांबवणारी गोष्ट पुढे आहे. हे प्रमेय म्हणजे निर्देशक-मुक्त विचाराचा पाया: वक्रता ही पृष्ठाची स्वतःची आहे, तुमच्या रेघांची नाही. पण गाउसने ते सिद्ध केलं ते निर्देशक वापरून. पृष्ठावर दोन रेघांची जाळी टाकली, अंतराच्या सूत्रातले तीन सहगुणक घेतले, आणि पानभर घामट हिशेब करून दाखवलं की शेवटी वक्रता फक्त त्या तिघांवर आणि त्यांच्या विकलनांवर ठरते. जाळी कुठलीही टाका, उत्तर तेच. जाळीशिवायचं सत्य जाळी टाकूनच हाती लागलं.

१० जून १८५४ला गाउसच्याच समोर ग्योटिंगेनला रीमानने व्याख्यान दिलं आणि हीच कल्पना कितीही मितींपर्यंत नेली, जवळजवळ एकही सूत्र न लिहिता. सूत्रं नंतर इतरांना लिहावी लागली. १८६९मध्ये क्रिस्टोफेलने, आणि १९००मध्ये रिची आणि लेव्ही-चिव्हिता यांनी. त्या दोघांनी आपल्या पद्धतीला ‘निरपेक्ष’ विकलनशास्त्र म्हटलं, हे मला गमतीचं वाटतं. ज्यांना आज आपण इंडेक्सवाले म्हणून हसतो त्यांनाही निर्देशकांपासून स्वातंत्र्यच हवं होतं. त्यांचा मार्ग एवढाच की सगळे निर्देशक एकदम मान्य करा, आणि कुणालाही झुकतं माप मिळणार नाही असे नियम करा.

पण हिशेब वाढला. चार मितींत रीमानच्या वक्रता-टेन्सरचे २५६ घटक, त्यातले २० स्वतंत्र. क्रिस्टोफेल चिन्हं ६४, त्यातली ४० स्वतंत्र. एली कार्तांने १९२०च्या दशकात तक्रार केली की इंडेक्सच्या या उधळपट्टीमागे भूमितीच दिसेनाशी होते. हर्मन वाइल तर म्हणायचा की अवकाशावर आकडे लादणं ही एक जबरदस्ती आहे. हिशेब सोयीचा होतो एवढंच तिचं समर्थन. दुसरीकडे त्यानेच असंही लिहिलंय की जगातून ‘मी’ पुसून टाकला की त्याचा जो अटळ अवशेष मागे राहतो तो म्हणजे निर्देशक-पद्धती. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि गच्चीत जाऊन उभा राहिलो. त्याकडे परत येतोच.

इंडेक्सशिवाय काम भागवायची एक सुरेख पद्धत फ्रेंच गणिती कोझूलने दिली. वक्र अवकाशात एका दिशेने जाताना बाणांचं क्षेत्र कसं बदलतं, हे त्याने दोन-तीन नियमांत सांगितलं: बेरजेशी नीट वागलं पाहिजे, गुणाकाराचा विकलन-नियम पाळला पाहिजे. बस. एकही निर्देशक नाही. आज कुठल्याही आधुनिक पुस्तकात हीच व्याख्या मिळते. आणि याच कोझूलने मुंबईत टीआयएफआरमध्ये या विषयावर व्याख्यानं दिली, एस. रामनन यांनी त्यांची टिपणं काढली आणि ती १९६०मध्ये प्रसिद्ध झाली. ती आजही वाचायला मिळतात. लोकलमध्ये फोनवर वाचायचा प्रयत्न मी केलाय. दादरपर्यंत दीड पान.

आता उत्तर ध्रुवाकडे. उत्तर ध्रुवाचा रेखांश किती? सगळेच, किंवा कुठलाच नाही. अक्षांश-रेखांशात गोलाची क्रिस्टोफेल चिन्हं काढली तर त्यातलं एक ध्रुवाजवळ अनंताकडे पळतं. फक्त हिशेब बघणाऱ्याला वाटेल, ध्रुवावर काहीतरी भयंकर आहे. वक्रता काढा, ती विषुववृत्तावर जेवढी तेवढीच. ध्रुवावर बर्फ आहे आणि बर्फात काही भोक नाही. उलटही होतं. अगदी सपाट कागदावर वर्तुळाकार निर्देशक घ्या, क्रिस्टोफेल चिन्हं शून्य येत नाहीत, जणू काही वाकलंय. आणि खरोखर वाकलेल्या अवकाशात तुम्ही उभे असाल त्या एका बिंदूपाशी असे निर्देशक नेहमी निवडता येतात की ती सगळी चिन्हं तिथे शून्य होतात. तुमच्या पायाशी जग सपाट. वक्रता मात्र तशीच असते, एक विकलन पुढे लपलेली.

हे खेळ वाटत असतील तर श्वार्त्सशिल्डचं उदाहरण बघा. १९१६च्या सुरुवातीला, पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना, त्याने आइन्स्टाइनच्या नव्या समीकरणांचं पहिलं अचूक उत्तर प्रसिद्ध केलं: एका गोल ताऱ्याभोवतीचं अवकाश. त्याच वर्षी मे महिन्यात तो वारला. त्या उत्तराच्या नेहमीच्या रूपात दोन ठिकाणी सूत्र मोडतं. एक केंद्रात, दुसरं एका ठराविक त्रिज्येवर; सूर्याएवढ्या वस्तुमानाला ती सुमारे तीन किलोमीटर येते. या दुसऱ्या जागेवरून गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ दशकानुदशकं गोंधळले. १९३९मध्ये खुद्द आइन्स्टाइनने निबंध लिहून सांगितलं की असली गोष्ट प्रत्यक्षात असू शकत नाही. खरं तर १९२४मध्येच एडिंग्टनच्या हातात असे निर्देशक होते ज्यात तिथे काहीच मोडत नाही, पण त्याने त्याचा गाजावाजा केला नाही. लमेत्रने १९३०च्या दशकात स्पष्ट म्हटलं की दोष निर्देशकांचा आहे. सगळ्यांच्या गळी ते उतरायला १९५८चा फिंकेलस्टाइन आणि १९६०चा क्रुस्कल यावा लागला. कुठल्याही निर्देशकांत सारखीच येणारी वक्रतेची एक राशी असते. ती या त्रिज्येवर मर्यादित राहते, केंद्रात मात्र अनंत होते. म्हणजे पहिला घोटाळा खरा, दुसरा ध्रुवासारखा.

आइन्स्टाइनबद्दल हसू येत असेल तर थांबा. १९१२पासून तो मार्सेल ग्रोसमानच्या मदतीने ही भूमिती शिकत होता, आणि पुढे त्यानेच प्रांजळपणे लिहिलं की सामान्य सापेक्षतेला इतकी वर्षं लागली याचं मुख्य कारण, निर्देशकांना थेट अंतराचा अर्थ असलाच पाहिजे या समजुतीतून सुटणं सोपं नव्हतं.

आणि एक बारकावा राहतोच. त्या त्रिज्येवर भिंत नाही, खरं. तिथून आत जाणाऱ्याला स्थानिक असं काही जाणवणार नाही, हेही खरं. पण आत गेलेला परत येत नाही. ते ‘क्षितिज’ सूत्राचा भास नाही. एका बिंदूपाशी मोजून ते दिसत नाही, पूर्ण नकाशा पाहिल्यावरच दिसतं.

एवढं सगळं गणित मी आवड म्हणून वाचत होतो. ते माझ्या अंगावर आलं एका टपरीवर.

माझा हॉस्टेलचा रूममेट मराठवाड्यातून, मराठी माध्यमातून आलेला. आता दोघेही पुण्यात आहोत. त्या दिवशी मी उत्साहात सांगत होतो की आमच्या टीमच्या भरतीत मी नवीन पद्धत आणली: अर्जावरचं नाव, गाव, कॉलेज सगळं झाकायचं आणि फक्त टेस्ट बघायची. निर्देशक-मुक्त भरती, असं मी त्याला नावही दिलं होतं. भरीला म्हणालो, “तसंही, कॉलेजात मी कधी कुणाचं आडनाव विचारलं नाही.”

तो चहा ढवळत म्हणाला, “तुला विचारायची गरज नव्हती रे. तुझंही कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला खटकत नव्हतं. मला पहिल्या आठवड्यात तिघांनी विचारलं. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: रँक किती?”

मी म्हणालो, “मी नव्हतो त्यांच्यात.”

“नव्हतास. तुला ते दिसलंही नाही, एवढंच म्हणतोय.” मग म्हणाला, “आणि तुझी ती टेस्ट. प्रश्न कुठल्या भाषेत आहेत?”

इंग्रजीत होते. लांबलचक, गोष्टीरूप, विनोदी इंग्रजीत. मीच लिहिले होते.

घरी येऊन मला वाइलचं ते वाक्य आठवलं. मी ‘मी’ पुसला होता असं समजत होतो; टेस्टमध्ये माझाच अवशेष पसरलेला होता. जात न बघणं म्हणजे मी निर्देशक-मुक्त झालो, हा माझा समज होता. प्रत्यक्षात मी आरंभबिंदूवर बसलो होतो. तिथे बसलेल्याचे सगळे आकडे शून्य असतात, म्हणून त्याला वाटतं की आपल्याला निर्देशकच नाहीत. माझ्या पायाशी जग सपाट होतं. ते नेहमीच असतं, कुणाच्याही. फक्त मला माझ्या पायांपलीकडे मोजायची वेळ आली नव्हती.

भूमितीत निर्देशक-मुक्त असण्याचा अर्थ निर्देशक झाकणं असा कधीच नव्हता. एखादं विधान सगळ्या निर्देशकांत तेच येतं हे तपासून दाखवणं, असा आहे. हे काम झाकण्यापेक्षा किती तरी जास्त कष्टाचं असतं. ‘कॉलेजात जातपात नव्हती’ हे माझं विधान माझ्या जाळीत खरं होतं. रूममेटच्या जाळीत मांडल्यावर ते मोडलं. म्हणजे ते कॉलेजबद्दलचं विधान नव्हतंच, माझ्या जागेबद्दलचं होतं.

हाच नियम त्यालाही लागू करायचा का? हा प्रश्न मला टाळायचा नाही. घाटात एसटी वळते तेव्हा आपण बाहेर फेकले जातो. जमिनीवरून बघणाऱ्याला तसं ढकलणारं बळ दिसत नाही. काही तक्रारी या जातीच्या असतात, माझ्या तर भरपूर. अप्रायझल झालं की मला दरवर्षी अन्याय दिसतो, आणि शेजारच्या टेबलावरून बघितलं की तो नाहीसा होतो. मग रूममेटची तक्रार तशी नाही कशावरून? मोजूनच ठरवावं लागतं, एका माणसाच्या पायापाशी नव्हे, पुरेसा मोठा त्रिकोण आखून. कोन जुळत नाहीत असं वेगवेगळ्या ठिकाणांहून निघालेल्या सगळ्यांना सापडलं, तर ती जमीनच वाकलेली आहे. आणि मोजायला जाळी लागते. स्वतंत्र भारतात २०११पर्यंतच्या जनगणनांतून अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींची आकडेवारी प्रसिद्ध झाली नाही. मोजलं तर जात पक्की होईल, हे म्हणणं मी समजू शकतो. पण गाउसनेही जाळी टाकलीच होती. न मोजता ‘सपाट आहे’ म्हणणं हा हिशेब होत नाही.

आता तुलना जिथे तुटते ते सांगतो, नाहीतर मीही विनोदी इंग्रजी टेस्टसारखंच काहीतरी करत राहीन. फिजीजवळच्या पाण्याला आपला रेखांश माहीत नाही. तुम्ही १७९ म्हणा किंवा उणे १८१, लाट तीच. माणसाला त्याचं आडनाव माहीत असतं, ते विचारणाऱ्याचा चेहराही माहीत असतो, आणि ते सांगताना त्याचा आवाज बदलतो. आपण लावलेली नावं बिंदूला स्पर्श करत नाहीत. माणसाला करतात, वाकवतात. शिवाय रूममेटला त्याचे निर्देशक पुसायचेच नाहीत. गावावर त्याचा जीव आहे, दर पावसाळ्यात जातो, आडनाव पाटीवर ठळक लावलंय. ‘ते झाकून मला घेणार असाल तर तुम्ही कुणाला घेतलंत?’ असं तो म्हणाला, तेव्हा माझ्याकडे कुठल्याच घराण्याचं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

टेस्ट आम्ही बदलली. प्रश्न छोटे केले, मराठी आणि हिंदीत वाचायचा पर्याय दिला, वेळ वाढवला. नाव झाकायचं की नाही यावर टीममध्ये अजून वाद चालू आहे. मी सध्या ‘झाकू या, पण निकाल लागल्यावर उघडून कोण गळलं ते मोजू या’ या बाजूला आहे. मॅनेजर म्हणतो, मोजून काय करणार.

गेल्या रविवारी रूममेट घरी आला होता. मी टेबलावर कागद पसरून गोलाची वक्रता दोन पद्धतींनी काढत होतो, एकदा अक्षांश-रेखांशात आणि एकदा ध्रुवावर कागद टेकवून सपाट प्रक्षेपात. दुसऱ्या पद्धतीत चिन्ह कुठेतरी चुकत होतं आणि वक्रता उणे येत होती. त्याने कागद ओढून घेतला, पेन्सिल मागितली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “इथे वजाचं अधिक कधी झालं?” मी पाहिलं, तो बरोबर होता. तिथून पुढे हिशेब त्यानेच केला.